पुढे काय झालं?

सकाळी ७:५५

आमच्या रिपोर्टिंग रूमला खिडकी नाही, आणि ते बरंच आहे. बाहेरचा उजेड पडला की पडद्यावरच्या करड्या छटा मरतात, आणि आमचं पोट त्या छटांवरच चालतं. रात्रपाळीची रेसिडेंट चहाचा कागदी कप हातात धरून उभी आहे. बसली तर झोप लागेल याची तिला खात्री आहे.

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी रेडिओलॉजी शिकवते. त्यातही पोट हा माझा प्रांत: लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, आतडी. मेंदूवाले वेगळे, छातीवाले वेगळे. पोटाकडे हौसेने येणारे कमी. मेंदू कवटीत गप्प बसून असतो; आतडी आज इथे तर उद्या तिथे, आणि प्रत्येकाची निराळी.

रात्रीच्या केसेस एकेक करून उघडतो. दोन अपेंडिक्स. लोकलमधून पडलेला एक तरुण, लिव्हरला चीर गेलेली, पण रक्त चालू दिसत नाही. मग अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ: पोट मऊ, दुखणं मात्र असह्य, नाडी अनियमित. क्रिॲटिनिन १.९. वॉर्डातून आग्रह होता की किडनी नाजूक आहे, कॉन्ट्रास्ट न देताच सीटी काढा. ही अडून बसली आणि कॉन्ट्रास्ट दिलं. बरोबर केलं. आतडं मरत असल्याची शंका असेल तर किडनीची काळजी दुसऱ्या नंबरवर.

"सॅजिटल छेद लाव," मी म्हणते. पाठीच्या कण्यासमोर महाधमनी, तिच्यातून खाली झुकत निघालेली आतड्यांची मुख्य धमनी, आमच्या बोलण्यातली एसएमए. पहिले चार-पाच सेंटिमीटर ती पांढरी झगझगीत, आणि मग एकदम काळी. आत गुठळी. त्या पलीकडच्या आतड्याच्या भिंतीने कॉन्ट्रास्ट घेतलेलंच नाही.

"पुढे काय झालं?"

"पहाटे ओटीत घेतलं, मॅडम. थोडं आतडं काढावं लागलं. आयसीयूत आहेत."

"किती काढलं?"

हे तिला माहीत नाही. तिने सर्जरीच्या रजिस्ट्रारला फोन करून विचारावं आणि रजिस्टरमध्ये नोंदवावं, असं ठरतं. माझ्या हाताखालच्या प्रत्येक रेसिडेंटला या प्रश्नाचा कंटाळा आलेला आहे. रिपोर्ट सही झाला की रेडिओलॉजिस्टचं काम संपतं, अशी समजूत आमच्यातल्याच पुष्कळांची असते. पण आतून काढलेलं आतडं आपण काळं म्हटलं तेवढंच होतं की जास्त, हे कळलं नाही तर पुढच्या रात्री पुन्हा अंदाजच.

सकाळी ९:१५

सोनोग्राफीच्या बाहेर बाकं भरलेली. उपाशीपोटी या, असं सांगितलेलं असल्याने बदलापूर-विरारहून पहाटे निघालेली माणसं इथे भुकेने कावलेली असतात. आणि तरीही:

"आजी, सकाळपासून काही घेतलं का?"

"काही नाही गं बाई."

"चहा?"

"चहा घेतला. तो काय खाणं आहे का?"

दुधाचा चहा पोटात गेला की पित्ताशय आकसतं, पित्त आतड्यात सोडून मोकळं होतं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत मुळातच जाड दिसते. खडे असले तरी नीट मोजता येत नाहीत. आजींना उद्या पुन्हा यावं लागणार. त्या माझ्यावर नाही, चहा करून देणाऱ्या सुनेवर चिडतात.

त्यानंतरची बाई मूळची बिहारची, धारावीत राहते. पित्ताशयात खडे, आणि भिंत एका बाजूला वेडीवाकडी जाड. गंगेच्या खोऱ्यातल्या बायकांमध्ये पित्ताशयाचा कर्करोग देशाच्या इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, म्हणून तिच्या गावाचं नाव माझ्यासाठी तपासणीचाच भाग आहे. पूर्वी अशा वेळी रिपोर्टमध्ये "भिंत जाड आहे, क्लिनिकली पडताळून पाहा" एवढं लिहून लोक मोकळे व्हायचे. २०२१ साली चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने जीबी-रॅड्स नावाची पद्धत आली. जाडी सगळीकडून आहे की एकाच जागी, भिंतीचे थर शाबूत आहेत का, लिव्हरशी सीमा स्पष्ट आहे का, हे बघून शून्य ते पाच असा दर्जा द्यायचा. पोटाच्या रेडिओलॉजीतले बहुतेक असे दर्जे अमेरिकेतून किंवा युरोपातून येतात. हा आपल्याकडच्या रोगातून निघाला, याचं मला अप्रूप आहे. ज्यांच्याकडे रोग, त्यांच्याकडेच प्रश्न. उत्तरं तेवढी दुसरीकडून का मागवायची?

हिचा दर्जा चार. सीटीची तारीख आजचीच घेऊन देते. "कल आना" म्हटलं तर उद्याची मजुरी जाते, आणि मग ती येत नाही.

भिंतीवर पाटी आहे: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. गरोदर बाई पोटदुखीसाठी आली तरी एफ फॉर्म भरावा लागतो, आणि पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर न्यायचं नाही. नव्या मुलांना ही कटकट वाटते. महाराष्ट्राने १९८८ साली, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याच्याही आधी, असा कायदा का केला, ते मी त्यांना एकदा सांगते. दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

सकाळी ११:००

सीटी. मागणीच्या कागदावर वॉर्डाने लिहिलंय: "पोटात दुखते, कारण?" कारण आम्ही सांगायचं हे ठीक, पण किती दिवस, कुठे, ताप आहे का, आधी काही ऑपरेशन झालंय का? फोन करते. कधीकधी या फोननंतर सीटीची गरजच उरत नाही.

टेबलावर अठ्ठावीस वर्षांची मुलगी. पोट फुगलेलं, आत पाणी. टेक्निशियन दादा शिरेत गुलाबी कॅन्युला लावून तिला बजावतात: "औषध जाताना अंगभर गरम वाटेल. लघवी झाली असं वाटेल. होत नाही, घाबरू नका." हे आधी सांगितलं नाही तर माणूस दचकून हलतो आणि चित्र बिघडतं. सेकंदाला तीन-चार मिलिलिटर वेगाने आयोडीनचं औषध जातं. साधारण पस्तिसाव्या सेकंदाला धमन्यांचा टप्पा, सत्तराव्याच्या आसपास पोर्टल शिरेचा, आणि तीन मिनिटांनंतर शेवटचा. एकच लिव्हर तीनदा. तीन वेळा वेगळं दिसतं.

लिव्हरमध्ये दोन-तीन गाठी. रेसिडेंटचा मसुदा तयारच: धमनीच्या टप्प्यात उजळ, नंतर काळवंडते, आकार २४ मिलिमीटर, म्हणून एलआर-५. म्हणजे लिव्हरचा कर्करोग, जवळजवळ नक्की. हे लि-रॅड्सचं गणित अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ मध्ये मांडलं आणि पुढे सुधारत नेलं. लिव्हरचा कर्करोग हा त्या मोजक्या कर्करोगांपैकी, ज्यात सुई न घालता, नुसत्या चित्रावरून उपचार सुरू होतात. एलआर-५ लिहिणं म्हणजे निकालपत्रावर सही करणं.

"हिपॅटिक व्हेन्स दाखव."

तो शोधतो. लिव्हरमधलं रक्त बाहेर नेणाऱ्या तीन शिरा. एकही दिसत नाही. कॉडेट लोब मात्र फुगून मधोमध बसलाय, कारण त्याचं रक्त स्वतःच्या वेगळ्या वाटेने बाहेर पडतं. बड-किआरी. अशा लिव्हरमध्ये साध्या, निरुपद्रवी गाठीही धमनीच्या टप्प्यात उजळतात, म्हणून ती पद्धत या रोग्यांना लावायचीच नाही, असं तिच्याच नियमांत लिहिलेलं आहे. नियम सिऱ्होसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी. पण लि-रॅड्सचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला आहे आणि अपवाद पुस्तकात.

मसुदा बदलतो. एलआर-५ जातं, त्या जागी शिरांचं वर्णन येतं, आणि पुढे काय करावं याच्या दोन ओळी. ही मुलगी माझ्या यादीत गेली. सहा महिन्यांनी त्या गाठी तेवढ्याच असतील का?

दुपारी १२:२०

पालघरकडचा मजूर, चाळिशीचा, ताप आणि उजव्या कुशीत ठणका. रोज ताडी घेतो, हे त्याची बायको सांगते. तो स्वतः छताकडे बघतो. लिव्हरच्या उजव्या भागात दहा सेंटिमीटरचा गळू. आमांशाच्या अमिबाची ही आवडती जागा. औषधाने बहुतेक बरे होतात, पण याचा गळू कडेला आलाय; फुटला तर पोटात किंवा छातीत.

पिगटेल टाकायचं. रक्त गोठण्याचे रिपोर्ट पाहिले, संमतीवर अंगठा झाला. फासळ्यांच्या मधली जागा लिग्नोकेनने बधिर केली. सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून अठरा गेजची सुई आत, तिच्यातून तार, सुई बाहेर, तारेवरून डायलेटर. ही तारेची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून नळ्या बदलल्या, युक्ती तीच. मग बारा फ्रेंचची नळी, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची. आत गेल्यावर तिचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं आणि अडकून राहतं. पू येतो तो तांबूस तपकिरी. पुस्तकांत याला अँकोव्ही सॉसची उपमा आहे, आणि परीक्षेत सगळे ती ठोकून देतात. अँकोव्ही ही आपल्या मांदेलीची भावकी. पण मांदेलीचा असा सॉस करून ठेवल्याचं कुण्या कोळणीकडून मी ऐकलेलं नाही.

पिशवी भरायला लागते. "आता बरं वाटतंय," तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणतो. पडद्यासमोर बसणाऱ्याला हे वाक्य क्वचितच वाट्याला येतं.

दुपारी १:४५

डबा. पोळी, मेथी, आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर आलेलं नव्या मशीनचं कोटेशन.

मी शिकायला आले तेव्हा नव्वदीचं दशक सरत होतं. फिल्म धुऊन ओल्याच व्ह्यू बॉक्सवर लावायच्या. बेरियमचे वार ठरलेले असायचे. शिशाचा एप्रन घालून, रोग्याच्या पोटावर दाब देत, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं त्या जागेचे फोटो घ्यायचे. सीटीला रोग्याने पुन्हा पुन्हा श्वास धरायचा, आणि दोन श्वासांच्या मध्ये एखादी गाठ निसटून जायची. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी मशीन आली. आज अख्खं पोट काही सेकंदांत होतं. मात्र बेरियमच्या दिवसांत रोगी अर्धा दिवस आमच्यासमोर असायचा. त्याचं नाव, गाव, धंदा आपोआप कळायचा. आता येतो तो नंबर आणि हजारभर चित्रं.

दुपारी २:३०

ट्यूमर बोर्ड. सर्जन, कॅन्सरतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि प्रोजेक्टर चालवणारी मी. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, पंचावन्न वर्षांचे शिक्षक, केमोथेरपीच्या चार फेऱ्या झालेल्या.

"मॅडम, एका शब्दात सांगा. निघेल का?"

एका शब्दात सांगता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. प्रश्न असतो गाठीने एसएमएला किती विळखा घातलाय. परीघाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे १८० अंशांच्या आत, तर सीमारेषेवरची केस. त्याहून जास्त तर आधी औषधच. आधीच्या सीटीत निम्म्याला टेकलेली होती. आजच्या सीटीत गाठ लहान झालीय, पण धमनीभोवतीची धूसर झाक तशीच आहे. ती झाक जिवंत कर्करोगाची की औषधाने मेलेल्या पेशींच्या वणाची? सीटी हे सांगू शकत नाही. जो रेडिओलॉजिस्ट सांगू शकतो असं म्हणतो, त्याच्यापासून सर्जनने जपून राहावं.

"गाठ वाढलेली नाही, कुठे पसरलेली नाही, शीर मोकळी आहे. झाकेवर मी मत देणार नाही. उघडून पाहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

सर्जन उघडायचं ठरवतात. मी विनंती करते की धमनीजवळचा तुकडा वेगळ्या डबीत पाठवा. पॅथॉलॉजिस्ट मान डोलावतात. एवढ्या एका डबीसाठी तासभर बसले असते तरी चाललं असतं.

दुपारी ४:००

संशोधन म्हटलं की लोकांना प्रयोगशाळा आठवते. आमचं संशोधन एक्सेलच्या तक्त्यात आणि टेलिफोनवर चालतं.

तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा प्रबंध नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात जायचाय. विषय: आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांतला फरक सीटी एंटेरोग्राफीवर कितपत ओळखता येतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी क्रोन्सचं वर्णन १९३२ मध्ये केलं. त्यांच्याकडे आज असा रोगी आला तर डॉक्टरच्या मनात क्षयरोग खूप नंतर येतो. आमच्याकडे तो सगळ्यात आधी येतो, आणि यायलाच हवा. दोन्ही रोग एकाच जागी बसतात, दोन्ही आतडं अरुंद करतात, दोन्हींत माणूस वाळत जातो. चूक दोन्हीकडून महाग पडते. क्षयरोग्याला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर जंतू माजतात. क्रोन्सवाल्याला महिनोनमहिने क्षयाच्या गोळ्या दिल्या तर तेवढ्यात आतडं आकसून ऑपरेशनपर्यंत येतं.

रोग्याला तासाभरात लिटर-दीड लिटर मॅनिटॉलचं गोडसर पाणी पाजायचं, आतडी फुगली की सीटी. आतड्याचा लांब पट्टा, मध्ये मध्ये निरोगी तुकडे सोडून, भिंतीची एकच बाजू जाड, रक्तवाहिन्या तटतटलेल्या: कौल क्रोन्सकडे. आखूड तुकडा, सीकमही धरलेलं, शेजारच्या लसिकाग्रंथी मोठ्या आणि मधोमध काळ्या: क्षय. पुस्तकात हे दोन रकाने स्वच्छ असतात. रोग्यात दोन्हींतलं थोडं थोडं सापडतं. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी आणखी एक माप सुचवलं होतं: पोटाच्या आतली चरबी भागिले कातडीखालची चरबी. हे प्रमाण ०.६३ च्या वर असेल तर क्रोन्सची शक्यता जास्त. कल्पना सुरेख आहे. पण महापालिकेच्या दवाखान्यात येणाऱ्या कृश माणसाला दोन्ही जागी चरबीच नसते. शून्याच्या जवळच्या दोन आकड्यांचा भागाकार करून काय मिळणार? तेच आम्ही तपासतोय.

चित्रं मी आणि एक सहकारी वेगवेगळे बसून वाचतो, एकमेकांचं न बघता. मग काप्पा काढायचा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून दोघांचं खरंच किती जुळलं ते. एक म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे नाणं उडवलं तरी तेवढंच जुळलं असतं. ग्रंथींवर आमचं छान जुळतं. "भिंतीची एक बाजू जास्त जाड" यावर इतकं कमी जुळतं की आम्ही दोघेही जरा ओशाळलो आहोत. असा वाईट आलेला काप्पा प्रबंधातून गाळायचा मोह मुलांना होतो. मी तो पहिल्या पानावर घ्यायला लावते, कारण बाकीच्या लेखांत ते लक्षण बिनधास्त छापलेलं असतं आणि दोन माणसांना ते सारखं दिसतं का, हे कुणी विचारलेलं नसतं.

पण खरी अडचण चित्रांची नाही, शेवटच्या रकान्याची आहे. अखेर निघालं काय? बायोप्सीत दर वेळी जंतू सापडत नाहीत. मग क्षयाच्या गोळ्या देऊन बघतात. दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून आतड्याच्या जखमा भरलेल्या दिसल्या तर क्षय. म्हणजे रोगी परत आला पाहिजे. केस पेपरवरचा नंबर शेजाऱ्याचा असतो, बंद असतो, किंवा सिम बदललेलं असतं.

रेसिडेंट स्पीकरवर फोन लावतो. बीड जिल्ह्यातलं गाव.

"नमस्कार, मुंबईच्या दवाखान्यातून बोलतोय. भाऊ आहेत का?"

"ते ऊसतोडीला गेलेत, साताऱ्याकडं."

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे की! कोयता चालवतोय दिवसभर."

"गोळ्या घेतात ना?"

थोडी शांतता. "संपल्या वाटतं."

"संपल्या का बंद केल्या?"

"बरं वाटायला लागलं, मग..."

तो पेन ठेवतो. दिवसभर कोयता चालवणारा माणूस पोटात अन्न टिकत असल्याखेरीज तसं करू शकणार नाही, हा पुरावाच आहे. फक्त कुठलंही नियतकालिक तो पुरावा म्हणून घेणार नाही. आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्या हा आता प्रबंधाचा विषय राहिलेला नाही. साताऱ्यातल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या फुकट मिळतात, हे त्या माउलीला दोनदा समजावून सांगतो, मुकादमाचा नंबर घेतो. तक्त्यात त्याच्या नावापुढे "अनिश्चित" लिहिलं जातं. असे अनिश्चित जितके जास्त, तितका आमचा लेख लंगडा. शहरातल्या, शिकलेल्या, फोन उचलणाऱ्या रोग्यांवरच अभ्यास केला तर तक्ता पूर्ण दिसेल, आणि ऊसतोडीवरच्या माणसाच्या आतड्याबद्दल काहीच सांगणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर विकणारे हल्ली आठवड्याआड येतात. चित्रं तुमच्याकडे लाखो आहेत, द्या, आम्ही शिकवतो, म्हणतात. चित्रं आहेतच. शेवटचा रकाना भरून आणा, मग बोलू.

संध्याकाळी ६:४०

लोकलमध्ये उभ्या उभ्या परीक्षकांचे शेरे वाचते. आमचा दुसरा एक लेख परत आलाय, पित्ताशयावरचा. एक परीक्षक म्हणतो, सगळ्या रोग्यांची ऊतकतपासणी का नाही? कारण ज्यांच्या भिंतीत काळजीचं काही नव्हतं त्यांचं पित्ताशय आम्ही अभ्यासासाठी कापून काढलं नाही. उत्तरात हे जरा सभ्य शब्दांत लिहावं लागेल. दुसऱ्याचा शेरा रास्त आहे: निदान किती महिने पाठपुरावा केला, ते स्पष्ट लिहा. सहीनंतरही आमच्यासारखाच विचारणारा कुणीतरी कुठेतरी बसलाय म्हणायचा.

रात्री ९:३५

जेवण उरकतंय तोच फोन. नवी रेसिडेंट, पहिलाच आठवडा.

"मॅडम, केसचा फोटो पाठवू?"

"फोटो नको. रोग्याची चित्रं फोनवर फिरवायची नाहीत. तोंडी सांग."

ती सुरुवात करते, अडखळते, पुन्हा सुरू करते. पंचवीस वर्षांचा मुलगा, पोट फुगलेलं, उलट्या. लहान आतडं चार सेंटिमीटर रुंद. कुठपर्यंत? उजव्या खालच्या बाजूपर्यंत. त्यानंतर? त्यानंतर एकदम बारीक. बदल होतो तिथे काय आहे? गाठ? नाही. पीळ? थांबा, मॅडम. माऊसचा आवाज. हो, दोन जागी अरुंद झालंय, शेजारी शेजारी, मधलं आतडं सी आकारात फुगलंय. भिंत कॉन्ट्रास्ट घेते? कमी घेतेय. भोवती पाणी? थोडं.

न बघता मला चित्र दिसलं. दोन्ही टोकांनी अडकलेलं आतडं. सकाळपर्यंत थांबलं तर मरेल.

"सर्जनला फोन केलास?"

"केला, मॅडम. ते ओटी तयार करताहेत."

"मग मला कशाला केलास?"

"उद्या सकाळी तुम्ही विचारणारच ना, म्हणून."

"किती आतडं काळं होतं, ते विचारून ठेव," मी म्हणते आणि फोन ठेवते.